इंग्रजीतील 'जीएच' ही जोडी: पाच अक्षरी शब्दांचा एक अभ्यास

इंग्रजी शिकू लागलेल्या आपल्याकडील मुलास पहिली ठेच लागते ती बहुधा व्याकरणाची नव्हे, तर स्पेलिंगची. बाळबोध लिपीमुळे त्याला असे वळण लागलेले असते की, जे तोंडाने म्हणावयाचे तेच हाताने लिहावयाचे. अशा मुलासमोर 'रात्र' ह्या अर्थाचा नाइट हा शब्द येतो. कानाला तर न, आइ आणि ट एवढेच ऐकू येते. परंतु फळ्यावर अक्षरे उमटतात ती पाच: एन, आय, जी, एच, टी. मधल्या जी आणि एच ह्या दोन अक्षरांचे काम काय, असे तो विचारतो. 'ती मुकी आहेत, पाठ कर,' एवढेच उत्तर त्याला मिळते. मग तो घोकू लागतो. घरी वडील घोकून घेतात, आणि घोकलेले परीक्षेच्या दिवसापर्यंत कसेबसे टिकते.

एवढ्यावरच हे थांबते तर आम्ही हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालो नसतो. पण अशा घोकंपट्टीतून मुलाच्या मनात हळूहळू दोन समजुतींपैकी एक मूळ धरते. ही भाषाच वेडीवाकडी आहे, ही एक. किंवा आपलीच बुद्धी मंद आहे, ही दुसरी. पहिलीने भाषेचा तिरस्कार उत्पन्न होतो, दुसरीने स्वतःविषयीचा विश्वास जातो. आमच्या मते ह्या दोन्ही समजुती खोट्या आहेत, आणि जीएच ह्या एका जोडीचा नीट विचार केला तरी त्यांचा खोटेपणा दिसून येतो.

विषय फार मोठा होऊ नये म्हणून आम्ही एक मर्यादा घालून घेतली आहे. ज्यांत बरोबर पाच अक्षरे आहेत आणि जी व एच ही अक्षरे लगोलग आलेली आहेत, असेच शब्द येथे घ्यावयाचे. त्यांतून क्वचित आढळणारे शब्द गाळले आणि विद्यार्थ्यांस उपयोगी असे निवडले, म्हणजे आमच्या यादीत तेवीस शब्द उरतात. प्रथम ही तेवीस मंडळी कोण ते पाहू, मग त्यांचे कूळ शोधू.

जोडी शब्दात कोठे बसली आहे ह्यावरून त्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग, जोडी आरंभी असलेला. ह्यात तीनच शब्द आहेत: भूत ह्या अर्थी गोस्ट, प्रेते खाणारा पिशाच ह्या अर्थी गूल, आणि आपल्या घाटांचे इंग्रजी अनेकवचन गाट्स. तिन्हींत जीएचचा उच्चार सरळ ग असा होतो.

दुसरा वर्ग, जोडी मध्ये आणि तिच्यामागे टी. ह्यात दहा शब्द आहेत: रात्र म्हणजे नाइट, प्रकाश म्हणजे लाइट, योग्य किंवा उजवा म्हणजे राइट, सामर्थ्य म्हणजे माइट, लढाई म्हणजे फाइट, दृष्टी म्हणजे साइट, घट्ट म्हणजे टाइट, समुद्रकिनाऱ्याचे मोठे वळण म्हणजे बाइट, आठ म्हणजे एट, आणि 'पाहिजे' अशा कर्तव्याच्या अर्थाचा ऑट. ह्यांपैकी बाइट हा शब्द भूगोलाच्या नकाशात ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट म्हणून छापलेला असतो. ह्या दहाही शब्दांत जीएच पूर्णपणे मुकी आहे.

तिसरा वर्ग, जोडी शेवटी असलेला. ह्यातही दहाच शब्द: हसणे म्हणजे लाफ, खोकला म्हणजे कॉफ, खडबडीत म्हणजे रफ, चिवट म्हणजे टफ, मळलेली कणीक म्हणजे डो, झाडाची फांदी म्हणजे बाउ, वजन करणे म्हणजे वे, घोड्याचे खिंकाळणे म्हणजे ने, मांडी म्हणजे थाय, आणि आयर्लंडमध्ये सरोवरास म्हणतात तो लॉख़. पहिल्या चारांत जीएचचा फ झाला आहे, पुढील पाचांत ती मुकी आहे, आणि शेवटच्या एकात तिचा उच्चार उर्दूतील 'ख़बर' ह्या शब्दातल्या घशातून घासून निघणाऱ्या ख़ सारखा आहे.

ह्या एकाच शब्दात सर्व कोड्याची किल्ली आहे. वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

इंग्रज लोकांची सुमारे हजार वर्षांपूर्वीची भाषा आजच्या इंग्रजीहून इतकी निराळी होती की, शिकल्यावाचून ती आज कोणा इंग्रजास समजणार नाही. त्या प्राचीन इंग्रजीत रात्रीला जो शब्द होता तो एन, आय, एच, टी अशा चार अक्षरांनी लिहीत आणि जवळपास निख़्ट असा म्हणत. म्हणजे मधला एच त्या काळी मुका नव्हता. लॉख़ शब्दात आज ऐकू येणारा घर्षणाचा ध्वनी तो दाखवीत असे. प्रकाश, सामर्थ्य, आठ ह्या अर्थांच्या शब्दांतही तोच ध्वनी होता. ह्याची साक्ष इंग्रजीची सख्खी बहीण जी जर्मन भाषा, ती आजही देते. जर्मन मनुष्य रात्रीला नाख़्ट म्हणतो, सामर्थ्याला माख़्ट म्हणतो आणि आठाला आख़्ट म्हणतो. स्कॉटलंडच्या बोलीतही रात्र हा शब्द निख़्ट असा ह्या ध्वनीसह उच्चारला जातो. राजधानीच्या भाषेने जे टाकले ते आडबाजूच्या बोलीने जपून ठेवावे, हा प्रकार भाषांच्या इतिहासात नेहमीचाच आहे.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच भाषेचे प्राबल्य झाले. फ्रेंच वळणाच्या लेखकांस हा घशातील ध्वनी दाखविण्यास एकटा एच पुरेसा वाटेना. प्रथम काही काळ तीनच्या इंग्रजी आकड्यासारखे दिसणारे योघ नावाचे एक अक्षर त्यासाठी वापरात होते. पुढे त्याच्या जागी जी आणि एच ही जोडी रूढ झाली. म्हणजे ज्या जोडीला आपण आज निरुपयोगी म्हणतो, ती मुळात उच्चार अधिक नेमका दाखविता यावा ह्याच हेतूने आली होती. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विसरू नये.

विल्यम कॅक्स्टन ह्याने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडातील पहिला छापखाना घातला. पुस्तके छापली जाऊ लागली तसतसे शब्दांचे लेखन गोठू लागले. पण तोंडातला उच्चार काही गोठत नाही. नेमक्या त्याच सुमारास, पंधराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत, हा घशातील ध्वनी इंग्रजांच्या तोंडून नाहीसा होत गेला. काही शब्दांत तो अगदी लोपला. काही शब्दांत, विशेषतः ज्यांत त्याच्यापूर्वी यू हे अक्षर होते अशांत, तो घशातून ओठांकडे सरकला आणि त्याचा फ झाला. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे उच्चार चालू होते, आणि लंडनच्या भाषेने काही शब्द एका उच्चाराने तर काही दुसऱ्याने उचलले. म्हणून रफ आणि टफ ह्यांत फ आहे, पण तशाच लेखनाच्या डो आणि बाउ ह्यांत नाही. लेखन एका काळाचे आणि उच्चार दुसऱ्या काळाचा, एवढेच ह्या विसंगतीचे मूळ आहे.

भूतवाचक गोस्ट शब्दाची कथा मात्र वेगळी आहे. प्राचीन इंग्रजीत त्यात एच नव्हताच. कॅक्स्टनने आयुष्याची अनेक वर्षे फ्लेमिश भाषेच्या प्रदेशात काढली होती. तेथील लेखनात जीनंतर एच घालण्याची रीत होती, आणि त्या वळणामुळे हा एच इंग्रजी छापील शब्दात शिरला असावा, असे विद्वान मानतात. गूल हा शब्द अरबीतून आला. गाट्स हा तर आमच्याच देशाचा. त्यातील जीएच आपल्या घ ह्या महाप्राण अक्षरासाठी योजलेली आहे. परंतु इंग्रजांच्या भाषेत घ नसल्यामुळे त्यांच्या तोंडी त्याचा ग होतो. एकाच वर्गातील तीन शब्द तीन देशांतून येऊन शेजारी बसले आहेत, हेही इंग्रजीच्या स्वभावास धरूनच आहे.

आता जी गोष्ट सांगावयाची ती मराठी मुलांस आणि त्यांच्या पालकांस विशेष जवळची वाटेल. कलकत्त्यास १७८६ साली सर विल्यम जोन्स ह्यांनी आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या भाषा कोणा एका समान मूळ भाषेपासून निघाल्या असल्या पाहिजेत. पुढे जर्मन पंडित याकोब ग्रिम ह्यांनी १८२२ साली इंग्रजी-जर्मन ह्या शाखेतील व्यंजने मूळ व्यंजनांशी कोणत्या नियमाने जुळतात ते मांडून दाखविले. इंग्रजी ही संस्कृतची मुलगी नव्हे. पण दोघी एका घराण्यातल्या आहेत. आता ह्या दृष्टीने आमच्या यादीकडे पाहा.

रात्रवाचक नाइट शब्दाचा संस्कृत भाऊबंद नक्त हा आहे. दिवसभर उपोषण करून रात्री एकदाच जेवण्याच्या व्रतास आपण नक्त म्हणतो, तोच हा शब्द. आठ ह्या अर्थाच्या एट शब्दाचा सोयरा अष्ट. योग्य ह्या अर्थी जो राइट, त्याचे नाते सरळ ह्या अर्थाच्या ऋजु शब्दाशी. प्रकाशवाचक लाइट शब्दाचे नाते रुच् म्हणजे प्रकाशणे ह्या धातूशी. फांदीवाचक बाउ शब्दाचा भाऊबंद बाहु. झाडाची फांदी म्हणजे झाडाचा बाहूच. वजन करणे ह्या अर्थाच्या वे शब्दाचा प्राचीन अर्थ वाहून नेणे असाही होता, आणि त्याचा सोयरा आहे वह् हा धातू. कणीक ह्या अर्थाच्या डो शब्दाचे नाते दिह् म्हणजे लिंपणे ह्या धातूशी, ज्यापासून आपला देह शब्द झाला.

वाचकांनी हे शब्द समोरासमोर मांडून पाहावे. नक्तातील क्, अष्टातील ष्, ऋजूतील ज्, रुच् धातूतील च्, आणि बाहु, वह्, देह ह्यांतील ह्, ह्या प्रत्येकाच्या समोर इंग्रजीत ती मुकी जोडी उभी आहे. म्हणजे कानाला न ऐकू येणारी ही दोन अक्षरे गेलेल्या व्यंजनाची जागा राखून बसली आहेत. ती काढून टाकली तर नाइट आणि नक्त ह्यांचे नाते डोळ्यांस कधीच दिसणार नाही.

ध्वनी जाणे हा काही इंग्रजांचाच दोष नव्हे. आपल्या मराठीनेही तसेच केले आहे. अष्टाचा प्राकृतात अट्ठ झाला आणि मराठीत आठ झाला. सप्ताचा सत्त आणि मग सात. हस्ताचा हत्थ आणि मग हात. प्रत्येक ठिकाणी जोडाक्षरातील एक व्यंजन गेले, पण जाताना मागील ऱ्हस्व अ चा दीर्घ आ करून गेले. इंग्रजीतही तंतोतंत हेच घडले. निख़्ट मधील ख़ गेला आणि मागील ऱ्हस्व इकार दीर्घ झाला. पुढे इंग्रजीतील दीर्घ स्वरांच्या उच्चारात जे सार्वत्रिक स्थित्यंतर झाले त्यात त्या दीर्घ ईकाराचा आइ झाला. असा आजचा नाइट तयार झाला. फरक इतकाच की, आपण आठ हा शब्द उच्चाराप्रमाणे लिहू लागलो, आणि इंग्रजांनी जुने लेखन तसेच ठेवले.

जुने लेखन ठेवावे की सोडावे, हा प्रश्न मराठीपुढेही उभा राहिला होता. पूर्वी पाच, दात, काटा हे शब्द पहिल्या अक्षरावर अनुस्वार देऊन पांच, दांत, कांटा असे लिहीत. तो अनुस्वार बहुतेकांच्या बोलण्यातून केव्हाच गेला होता. पण तो पञ्च, दन्त, कण्टक ह्या मूळ शब्दांतील अनुनासिकाची खूण होती. कोकणीत तो नाकातील उच्चार आजही कानी पडतो, जसा स्कॉटलंडात निख़्ट. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांस राज्यशासनाची मान्यता मिळाली, आणि असे अनुच्चारित अनुस्वार मराठी लेखनातून गेले. लहान मुलांचे ओझे त्यामुळे खरोखर हलके झाले. पण थोडे गमावलेही. मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, नामापासून झालेले नांव अनुस्वाराने आणि नौकेपासून झालेली नाव अनुस्वारावाचून असे दोन शब्द वेगळे दिसतात. आज दोन्हींचे लेखन एकच झाले असून, 'ते नाव' की 'ती नाव' हे लिंगावरून आणि संदर्भावरून ओळखावे लागते.

इंग्रजीत जुने लेखन राहिल्याचा लाभही हाच आहे. योग्य ह्या अर्थाचा राइट, लिहिणे ह्या अर्थाचा राइट आणि धार्मिक विधी ह्या अर्थाचा राइट, हे तिन्ही कानास एक आहेत. डोळ्यास मात्र तीन आहेत. दृष्टीचा साइट आणि जागेचा साइट, आठाचा एट आणि 'खाल्ले' ह्या अर्थाचा एट, वजनाचा वे आणि वाटेचा वे, कणकेचा डो आणि हरिणीचा डो, ह्या जोड्या वाचताना गोंधळ होत नाही तो ह्या मुक्या अक्षरांच्या कृपेने. कानास निरुपयोगी असलेले अक्षर डोळ्यास उपयोगी असू शकते.

इंग्रजी लेखन सुधारण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी १९०६ साली सरकारी छापखान्यास तीनशे शब्द सोप्या स्पेलिंगने छापण्याचा आदेश दिला. 'मधून' ह्या अर्थाच्या थ्रू सारख्या शब्दांतील जीएच त्यात गाळलेली होती. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील प्रतिनिधिगृहाने विरोध केला आणि तो बेत मागे पडला. तात्पर्य, मराठीने एक मार्ग घेतला, इंग्रजीने दुसरा. दोहोंतही काही मिळाले आणि काही गेले. ह्यात शहाणी कोण आणि वेडी कोण असा निवाडा करण्याचे कारण नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. प्रत्येक जीएच प्राचीनच असते असे नाही. आनंद ह्या अर्थाचा डिलाइट हा सात अक्षरी शब्द फ्रेंचमधून आला. त्यात मुळात जीएच नव्हती. लाइट शब्दाच्या साम्यामुळे ती सोळाव्या शतकापासून त्याला चिकटली. म्हणून नाते सांगण्यापूर्वी कोश उघडून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी.

आता अभ्यासाची सोपी रीत सांगतो. वरील तेवीस शब्दांसाठी तीन नियम पुरतात. एक, जोडी आरंभी असली तर उच्चार ग. दोन, जोडीमागे टी असली तर ती मुकी. तीन, जोडी शेवटी असून तिच्यापूर्वी आय असला तरीही ती मुकी; वे, ने आणि थाय हे ते तीन शब्द. येणेप्रमाणे सोळा शब्दांतील जोडीचा उच्चार नियमाने सुटला. उरले ते जोडीपूर्वी यू असलेले सात: लाफ, कॉफ, रफ, टफ, डो, बाउ आणि लॉख़. पाठांतर करावयाचे ते एवढ्या सातांचेच. पाच अक्षरांच्या बाहेर गेल्यावर ह्या नियमांस काही अपवाद भेटतील. हास्य ह्या अर्थाच्या लाफ्टर शब्दात टीपूर्वीही फ च आहे, कारण तो लाफचाच मुलगा. पण मूळ नियम पक्का असला की अपवाद आपोआप ध्यानात राहतो.

विद्यार्थिमित्रांनो, सुट्टीत एका कागदावर तीन उभे रकाने आखा. पहिल्यात हे तेवीस शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, दुसऱ्यात त्यांचा उच्चार बाळबोधीत, आणि तिसऱ्यात मराठी अर्थ. ज्या शब्दाचा संस्कृत सोयरा तुम्हांस ठाऊक झाला त्याच्यापुढे तोही लिहा. स्पेलिंग एकेक अक्षर मोजून पाठ करू नका. आइट असा शेवट असणाऱ्या आठ शब्दांचे एक कुटुंब समजून एकदम लिहून काढा. आठ निराळे शब्द घोकण्यापेक्षा एक कुटुंब ओळखणे सोपे असते.

आणि पालकांस एक विनंती. आपणांस इंग्रजी येत नाही, तेव्हा मुलाच्या ह्या अभ्यासात आपला काय उपयोग, असे पुष्कळ मातापित्यांस वाटते. परंतु नक्त, अष्ट, बाहु, देह हे शब्द ज्या घरात बोलले जातात, त्या घरात ह्या धड्याचा अर्धा भाग आधीच शिकून झालेला असतो. मुलाने स्पेलिंग चुकविल्यास त्याला रागे भरण्यापूर्वी, तो शब्द कोणत्या कुटुंबातला आणि त्याचा आपल्याकडील सोयरा कोण, एवढे त्यालाच विचारावे. नक्तातल्या त्या क् ची जागा ज्याच्या ध्यानात आली, तो मुलगा नाइट लिहिताना जी आणि एच गाळणार नाही.